जर्मन अंमलाखालचे जिल्हा अधिकारी एका साच्यातले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत दुसऱ्या महायुद्धावर आलेल्या लेखात जर्मनव्याप्त प्रदेशांच्या कारभाराविषयी असे म्हटले आहे की, बर्लिनहून हुकूम सुटायचा आणि खालचा प्रत्येक अधिकारी तो यंत्रासारखा बजावायचा, त्यामुळे त्या अधिकाऱ्यांत डावे-उजवे करण्यात काही अर्थ नाही. लेखकाच्या हेतूविषयी मला शंका नाही आणि त्या राजवटीच्या क्रौर्याचे त्यांनी केलेले वर्णन योग्यच आहे. परंतु हे एक विधान वस्तुस्थितीला धरून नाही, आणि माझ्या मते ते घातकही आहे. आमच्या गावच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात. त्यांच्यात या लेखावर चर्चा झाली आणि 'वरून आदेश आला की तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत कोणाच्याच हातात काही राहत नाही' असा निष्कर्ष त्यांच्यापैकी काहींनी काढला. उद्या यांच्यातल्याच कोणाच्या हाती सही-शिक्का येणार आहे. सारी नोकरी महसूल खात्यात काढून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे ऐकून स्वस्थ बसवले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम त्या कारभाराची रचना पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंड जिंकल्यावर जर्मनीने त्याचा पश्चिमेकडील भाग आपल्या राज्यात सरळ जोडून घेतला आणि मधल्या भागाचे 'जनरल गव्हर्नमेंट' नावाचे वेगळे राज्य २६ ऑक्टोबर १९३९ पासून हान्स फ्रांक या वकिलाच्या ताब्यात दिले. क्राकोवच्या वावेल किल्ल्यात त्याचे मुख्यालय होते. आरंभी या राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ९५ हजार चौरस किलोमीटर होते, म्हणजे जवळजवळ आपल्या विदर्भाएवढे. लोकसंख्या मात्र सव्वा कोटीच्या घरात होती. त्याचे क्राकोव, वॉर्सा, लुब्लिन आणि रादोम असे चार मोठे विभाग होते, ऑगस्ट १९४१ मध्ये गॅलिशिया हा पाचवा विभाग जोडला गेला, आणि प्रत्येक विभागात दहा-बारा ग्रामीण जिल्हे होते. अशा जिल्ह्याच्या प्रमुखाला क्राइसहाउप्टमान म्हणत. पोलीस, रेल्वे आणि टपाल यांसारखी काही खाती सोडली तर जिल्ह्यातला सगळा कारभार याच एका माणसाच्या हातात असावा, हे फ्रांकचे धोरण होते. त्याच्या कचेरीत जर्मन माणसे मोजकीच असत. गावपातळीवरचे काम पोलिश पाटील आणि कारकून करत. रस्ते वाईट, क्राकोव लांब, नियम अपुरे आणि जनतेला दाद मागायला जागा नाही, अशा स्थितीत त्या खुर्चीवर कोण बसला आहे याला किती महत्त्व येत असेल, हे खेड्यात राहणाऱ्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

आणि खुर्चीवर बसलेली माणसे एकाच जातकुळीतली नव्हती. त्यांच्यात कायद्याची डॉक्टरेट घेतलेले, प्रशिया-बव्हेरियाच्या जुन्या सनदी सेवेत मुरलेले, फाइल नीट लावल्याशिवाय सही न करणारे अधिकारी होते. आणि पक्षकार्याच्या बळावर वर आलेले, कारभाराचा गंध नसलेले लोकही होते. १९४१ नंतर सोव्हिएत मुलुखात जे प्रदेश-आयुक्त, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे जर्मन प्रमुख, नेमले गेले त्यांच्यात तर पक्षाच्या प्रशिक्षण-गढ्यांतून थेट आलेल्यांचा भरणा मोठा होता. पहिल्या प्रकारच्या अधिकाऱ्याला नोंदवही, ठरलेली वसुली आणि शांतता हवी असे. दुसऱ्याला धाक, मेजवान्या आणि लूट. जनतेच्या वाट्याला दोघांकडूनही जुलूमच आला, पण त्याची वेळ, त्याचा आकार आणि त्यातून वाचण्याची शक्यता जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी होती.

घेटोंचेच, म्हणजे ज्यूंना कोंडण्यासाठी वेगळ्या काढलेल्या वस्त्यांचेच, उदाहरण घ्या. पोलंडमधील ज्यूंना शहरांत एकत्र करावे अशी नाझी सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याची सूचना २१ सप्टेंबर १९३९ ची आहे. मात्र घेटो कधी करावा, त्याला भिंत असावी की कुंपण, आतल्यांना काम द्यावे की उपाशी ठेवावे, याबद्दल त्या कागदात काहीच ठरवून दिलेले नव्हते. परिणामी पियोत्रकुफ त्रिबुनाल्स्की या गावात तिथल्या जर्मन प्रशासकाने ऑक्टोबर १९३९ मध्येच घेटो जाहीर केला, वॉर्साचा घेटो बंद झाला तो नोव्हेंबर १९४० मध्ये, तर क्राकोव, लुब्लिन आणि रादोम येथे १९४१ चा मार्च-एप्रिल उजाडला. एकाच राज्यात, एकाच गव्हर्नरखाली, दीड वर्षाचे अंतर! काही गावांत उंच भिंती होत्या, काहींत नुसते फलक. फलकापलीकडच्या शेतकऱ्याकडून बटाटे आणता येतात की नाही, यावर एकेका कुटुंबाचे जगणे ठरत होते. सगळे यंत्र होते असे म्हणायचे तर हे अंतर कशाने पडले, याचे उत्तर द्यावे लागेल.

धान्यवसुलीचा भाग आमच्यासारख्या कास्तकारी मुलुखातल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. जनरल गव्हर्नमेंटमधल्या प्रत्येक गावावर धान्य, बटाटे, दूध आणि जनावरे यांचा ठरावीक कोटा बसवला होता आणि तो दरवर्षी वाढत गेला. जुलै १९४२ मध्ये फ्रांकने पिकाच्या वसुलीत अडथळा आणणाऱ्याला थेट मृत्युदंडाची तरतूद केली. कोटा वरून ठरलेला होता, पण तो पुरा कसा करायचा हे क्राइसहाउप्टमानवर होते. कोणी धान्य घालणाऱ्याला साखर, कापड आणि व्होडका यांची कुपने देऊन वसुली करी. कोणी गावातली प्रतिष्ठित माणसे ओलीस धरून बसवी, गुरे ओढून नेई आणि कमी पडलेल्या घरातल्या माणसाला श्रमछावणीत धाडी. वसुलीचे पत्रक दोन्हींकडून सारखेच जाई. गावाला मात्र पहिल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली पुढच्या पेरणीचे बियाणे लपवण्याइतकी फट राही, दुसऱ्याच्या हाताखाली तीही नाही.

मी माझ्या नोकरीत एवढ्या भीषण गोष्टीच्या जवळपास जाणारेही काही पाहिलेले नाही, आणि लोकशाहीतल्या कारभाराची तुलना त्या राजवटीशी करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. तरी हुकूम आणि अंमल यांच्यामधली जागा कशी असते, ते मी जवळून पाहिले आहे. अतिवृष्टीनंतर ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान झालेल्या क्षेत्राचे पंचनामे करा, असा एकच शासन निर्णय दोन शेजारच्या तालुक्यांत येतो. एका ठिकाणी तहसीलदार बजावतात की तलाठ्याने कास्तकाराला बरोबर घेऊन धुऱ्यावर उभे राहावे, पऱ्हाटीची सडलेली बोंडे हातात घेऊन पाहावी आणि मगच आकडा लिहावा. दुसऱ्या ठिकाणी ग्रामपंचायतीच्या कचेरीत पंख्याखाली बसून सातबाऱ्यावरून यादी उतरवली जाते, आणि ज्याने नदीकाठची जमीन ठोक्याने केली आहे त्याचे नाव तीत कुठेच येत नाही. कागदावर दोन्ही तालुक्यांचे काम 'मुदतीत पूर्ण' असते. जो माणूस या दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आला आहे, त्याला 'अधिकारी सगळे सारखेच' हे वाक्य पटणार नाही.

पोलंडकडे परत येतो. जर्मनीत जोडून घेतलेल्या भागात वार्थेलांड आणि डान्त्सिग-पश्चिम प्रशिया हे दोन प्रांत एकमेकांना लागून होते. पहिल्यावर आर्थर ग्रायझर, दुसऱ्यावर आल्बर्ट फोर्स्टर. मार्च १९४१ च्या एकाच हुकमाने दोन्हींकडे 'जर्मन लोकयादी', म्हणजे जर्मन म्हणून मान्य केलेल्यांची यादी, चार वर्गांत तयार व्हायची होती. ग्रायझरने वंशाच्या कसोट्या काटेकोर लावल्या, पोलिश माणसाला यादीच्या दाराशीही उभे केले नाही. फोर्स्टरने मात्र आपला प्रांत लवकर जर्मन झालेला दाखवायचा म्हणून गावेच्या गावे यादीत घातली, अनेकदा लोकांवर दडपण आणून. ग्रायझरने याबद्दल एस. एस. आणि पोलिसांचा सर्वोच्च प्रमुख हिमलर याच्याकडे तक्रारी केल्या. परिणाम असा की वार्थेलांडमध्ये यादीतील लोक पाच लाखांच्या आसपास राहिले आणि लोकसंख्येने जवळपास निम्म्या असलेल्या शेजारच्या प्रांतात ते नऊ लाखांवर गेले. यादीत आलेल्याचे घर-शेत बहुधा वाचे, पण त्याच्या मुलाला जर्मन सैन्यात जावे लागे. फोर्स्टरला यावरून कोणी सौम्य समजू नये. १९३९ च्या शरदात त्याच्याच प्रांतात, पियास्नित्साच्या जंगलात आणि इतरत्र, पोलिश शिक्षक, धर्मगुरू, वकील आणि रुग्णालयांतले मनोरुग्ण यांच्या सामूहिक कत्तली झाल्या होत्या.

इथे माझ्या म्हणण्याचा दुसरा आणि अधिक अवघड भाग येतो. अधिकाऱ्यांत फरक होता हे मान्य केले की लगेच 'चांगला अधिकारी' आणि 'वाईट अधिकारी' अशी विभागणी करण्याचा मोह होतो. स्लुत्स्कचे प्रकरण त्या मोहातून सोडवते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

स्लुत्स्क हे बेलारूसमधले, मिन्स्कच्या दक्षिणेचे तालुक्याएवढे गाव. हाइनरिख कार्ल हा तिथला जर्मन प्रदेश-आयुक्त. त्याने आपला वरिष्ठ विल्हेल्म कुबे याला ३० ऑक्टोबर १९४१ रोजी पाठवलेला अहवाल युद्धानंतर जर्मन नेत्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्गच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाला. त्यात तो लिहितो की, २७ ऑक्टोबरच्या सकाळी आठच्या सुमारास लिथुआनियातील कौनासहून आलेल्या पोलीस बटालियनचा एक लेफ्टनंट कचेरीत आला आणि गावातले सगळे ज्यू दोन दिवसांत संपवण्याचा हुकूम असल्याचे त्याने सांगितले. कार्लने एक दिवसाची मुदत मागितली, ती नाकारली गेली. चामडे कमावणारे, सुतार, लोहार हे सगळे ज्यूच आहेत, ते गेले तर कारखाने बंद पडतील, म्हणून निदान कारागीर वगळा, अशी त्याची मागणी होती. कमांडरने ती मान्य केली आणि पाळली नाही. दारूगोळ्याने भरलेल्या घोडागाड्या रस्त्यात तशाच उभ्या राहिल्या, कारण त्यांचे गाडीवान ओढून नेले गेले होते. मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या हातांतली घड्याळे, अंगठ्या, पायांतले बूट काढून घेतले जात होते. गोळी लागूनही जिवंत राहिलेली माणसे खड्ड्यांतून वर आली. काही ठिकाणी कार्लने स्वतः पिस्तूल उगारून पोलिसांना कारखान्यांतून बाहेर काढले. अहवालाच्या अखेरीस त्याने विनंती केली आहे की, काहीही करा, पण पुढे या बटालियनला माझ्यापासून दूर ठेवा.

हा अहवाल वाचताना अंगावर काटा येतो, आणि कार्लविषयी काहीशी आपुलकीही वाटू लागते. पण त्याची तक्रार नेमकी कशाची आहे, ते शांतपणे पाहिले पाहिजे. आपल्याला आधी कळवले नाही, ठरलेले पाळले नाही, कारखान्यांचे नुकसान झाले, गावकऱ्यांसमोर जर्मनीची अब्रू गेली, वागणूक क्रूर होती. ज्यूंना मारण्याचा अधिकारच कोणाला नाही, असे त्या अहवालात कुठेही नाही. कुबेनेही तो आपल्या शेऱ्यासह रिगाला लोझे या आपल्या वरिष्ठ आयुक्ताकडे पाठवला आणि जखमींना जिवंत गाडणे ही घाणेरडी गोष्ट हिटलरच्या कानांवर घालावी असे लिहिले. याच कुबेने नऊ महिन्यांनी, ३१ जुलै १९४२ रोजी, आपल्या प्रदेशात गेल्या दहा आठवड्यांत सुमारे ५५ हजार ज्यू संपवल्याचे लोझेला कळवले. कार्लने वाचवू पाहिलेल्या कारागिरांपैकी जे उरले होते, त्यांच्यासह स्लुत्स्कचा घेटो फेब्रुवारी १९४३ मध्ये नष्ट झाला.

लिथुआनियातील शौल्याय येथील प्रदेश-आयुक्त हान्स गेवेके याचीही तीच तऱ्हा. १९४१ च्या सप्टेंबरात हत्यापथकाने गावातल्या उरलेल्या ज्यूंची मागणी केली तेव्हा त्याच्या कचेरीने कामगारांच्या गरजेचे कारण पुढे करून अडवले, आणि काही हजार लोकांचा मृत्यू त्यामुळे लांबला. त्यांच्यापैकी काही युद्धाअखेर जिवंत राहिले, हेही खरे. आणि याच गेवेकेच्या अमलात १९४३ मध्ये घेटोत खाण्याचे जिन्नस चोरून आणल्याबद्दल एका बेकरीवाल्याला सर्वांसमोर फाशी दिली गेली. त्यासाठी कित्येक वर्षांनी पश्चिम जर्मनीच्या न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. व्यवस्थित, हिशेबी, कायद्याची भाषा बोलणारा कारभार खुनाच्या कामाला किती सहज जुंपता येतो, हे या माणसांमुळे कळते. म्हणून त्यांचे मोठेपण सांगायला मी हे लिहीत नाही. हत्यापथकाला अडवण्याइतकी जागा त्यांच्याजवळ होती आणि ती त्यांनी चामड्याच्या कारखान्यासाठी वापरली, माणसासाठी वापरली नाही, हा त्यांच्यावरचा आरोप आहे. 'यंत्र' म्हटले की तो आरोपच पुसला जातो.

जागा माणसासाठी वापरली गेल्याचेही उदाहरण आहे, आणि तेथे अधिकारी जर्मन नसून जर्मनांच्या हुकमाखालचे स्थानिक आहेत. बेल्जियममध्ये जर्मन लष्करी प्रशासन होते. २७ मे १९४२ च्या हुकमाने प्रत्येक ज्यूने पिवळा तारा लावायचा होता आणि ते तारे नगरपालिकांनी वाटायचे होते. ब्रसेल्स परिसरातल्या नगरप्रमुखांच्या वतीने ज्यूल कुल्स्ट यांनी जूनच्या आरंभी जर्मन प्रशासनाला कळवले की, माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालणाऱ्या या कामात आम्ही भाग घेऊ शकत नाही. जर्मनांना तारे स्वतः वाटावे लागले. कुल्स्टना त्या पत्रासाठी कोणी भिंतीशी उभे केले नाही. अँटवर्पच्या नगरपालिकेने मात्र तारे वाटले, आणि पुढे २८-२९ ऑगस्टच्या रात्री तिथल्या शहर पोलिसांनी स्वतः घरोघरी जाऊन बाराशेवर ज्यू पकडून दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ब्रसेल्समध्ये धरपकड झाली ती जर्मनांनी स्थानिक पोलिसांवाचून केली. युद्धाअखेर अँटवर्पमधील ज्यूंपैकी सुमारे ६७ टक्के, तर ब्रसेल्समधील सुमारे ३७ टक्के हद्दपार झालेले होते. या तफावतीला इतरही कारणे आहेत. अँटवर्पमध्ये ज्यूद्वेष्ट्या संघटनांचा जोर अधिक होता, तिथली ज्यू वस्ती एकवटलेली होती, तर ब्रसेल्समध्ये लपायला आणि मदत मिळवायला अधिक वाव होता. पण नगरपालिका आणि तिचे पोलीस कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे त्या कारणांत वरच्या क्रमांकाचे आहे, आणि अँटवर्पच्या महापौरांनी २००७ मध्ये शहर प्रशासनाच्या त्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली.

ऑगस्ट १९४२ म्हटले की आम्हा विदर्भवासीयांना आष्टी-चिमूर आठवते. 'चले जाव' चळवळीत १६ ऑगस्टला तिथे जे घडले, त्यानंतर चिमुरात फौज आणि पोलिसांनी स्त्रियांवर जे अत्याचार केले, आणि त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी जे प्रदीर्घ उपोषण केले, ते आमच्या घराघरांत सांगितले जाते. ब्रिटिश अंमल आणि नाझी अंमल एका पारड्यात घालावेत असे मी म्हणत नाही. पण 'इंग्रज सरकारने दडपशाही केली' एवढ्या एका ओळीत आपण ते प्रकरण मिटवतो, आणि त्या आठवड्यात कोणत्या कचेरीत कोणता अधिकारी काय बोलला, कोणी फौजेला आवर घालण्याचा प्रयत्न केला, कोणी डोळे मिटले, याची विचारपूस करत नाही. 'सरकार' हा शब्द तिथेही, आपल्या पुरवणीतल्या 'यंत्र' या शब्दासारखाच, माणसांना झाकतो.

न्यूरेम्बर्गच्या न्यायाधिकरणाच्या सनदेतील आठव्या कलमानुसार वरिष्ठाचा हुकूम होता म्हणून कोणी जबाबदारीतून सुटत नाही. फार तर शिक्षा ठरवताना त्याचा विचार होऊ शकतो. फ्रांकला १९४६ मध्ये फाशी झाली. ग्रायझरला त्याच वर्षी पोझनानमध्ये आणि वॉर्सा विभागाचा प्रमुख लूडविग फिशर याला १९४७ मध्ये वॉर्सामध्ये फासावर चढवण्यात आले. जिल्ह्याच्या खुर्चीवर बसलेल्यांपैकी बहुतेकांना मात्र न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. बरेच जण पश्चिम जर्मनीच्या सरकारी सेवेत, वकिलीत आणि व्यापारात सुखाने रुळले. गॅलिशियातल्या कोलोमियाचा क्राइसहाउप्टमान क्लाउस फोल्कमान याने तर नाव बदलले, आणि पेटर ग्रुबे म्हणून तो उदारमतवादी पत्रकार झाला. १९४१-४२ मध्ये ज्या जिल्ह्यातून हजारो ज्यू मृत्यूकडे नेले गेले त्याचा तो प्रमुख होता, हे वाचकांसमोर यायला १९९५ साल उजाडले. अशा लोकांना विचारले की त्यांचे उत्तर तयार असे : आम्ही फक्त कारभार पाहत होतो, बाकीचे पोलिसांचे काम. जून १९४२ मध्ये ज्यूंविषयीचे सर्व अधिकार खरोखरच पोलिसांकडे गेले होते, त्यामुळे या उत्तराला कागदाचा आधारही होता. पण त्याआधीची अडीच वर्षे घेटोच्या हद्दी आखणारे, भाकरीचे माप ठरवणारे आणि याद्या करवून घेणारे हात त्यांचेच होते.

आपल्या पुरवणीतील लेखाने, नकळत का होईना, याच उत्तराला दुजोरा दिला आहे, ही माझी हरकत आहे. तेव्हा विनंती अशी की, पुढच्या एखाद्या रविवारी कार्लचा स्लुत्स्कचा अहवाल आणि ब्रसेल्सच्या नगरप्रमुखांचे पत्र, ही दोन्ही समोरासमोर, काटछाट न करता मराठीत छापावीत. दोन्ही फार मोठी नाहीत, एका पानात सहज बसतील. तो अंक मी आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्वतः नेऊन ठेवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ